दंडाची पावती

गेली तीन वर्षे मी आमच्या घराण्याचा एखादा लेखी पुरावा शोधतो आहे. महाविद्यालयात मी इतिहास शिकवितो. साधने कोठे असतात, दफ्तरखान्यात अर्ज कसा करावयाचा, अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, हे मी मुलांना दरवर्षी सांगतो. पण माझा आजा कोणती जमीन, कोणत्या सालापासून, कशाच्या आधारे कसत होता, हे सांगणारा कागद माझ्या घरात नव्हता. शेवटी जो सापडला तो दंडाचा सापडला. सरकारने आमच्या आज्याला गुन्हेगार ठरवून वसूल केलेल्या रुपयांची ती नोंद आहे. आज तीच आमची सनद आहे.

हा प्रकार केवळ आमच्या घरचा असता तर मी ह्या पानांवर लिहिले नसते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शेकडो बौद्ध, मातंग कुटुंबांचा जमिनीशी असलेला संबंध असाच दंडाच्या पावतीने सिद्ध होतो, किंवा पावती नसल्यामुळे सिद्ध होत नाही.

निजामाच्या राज्यात कायदाच नव्हता, असा आपल्याकडे एक समज आहे. तो खरा नाही. १३१७ फसलीचा जमीन महसुलाचा कायदा होता. (फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन निघतो, म्हणजे हा कायदा १९०७ चा. जुन्या नकला वाचताना एवढे गणित लक्षात ठेवावे.) १३५३ फसलीत, म्हणजे १९४३ साली, भगेला करारांचा कायदा झाला. कर्जापोटी राबणाऱ्या मजुराच्या करारावर त्याने मर्यादा घातल्या. कायदे होते, पण ते उर्दूत होते. ते गावात उतरत ते पटेल-पटवाऱ्याच्या तोंडून. पटवाऱ्याने जे सांगितले तो कायदा आणि पटवाऱ्याने जे लिहिले ती जमीन. महारवाड्यात आणि मांगवाड्यात उर्दू वाचणारा कोणी नव्हता, मराठी वाचणाराही क्वचितच. ज्याच्या विरुद्ध तक्रार करावयाची त्याच्याच हातात दौत-लेखणी होती.

भगेला हा शब्द १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात पुन्हा भेटतो. त्या कायद्याच्या व्याख्येखाली देशभरातल्या वेठीच्या प्रकारांची एक लांबलचक यादी दिली आहे. भगेला आहे, हाली आहे, जीता आहे, वेट्टी आहे. आमचा सालगडी मात्र त्या यादीत नाही. माझ्या बाने अकरा साले घातली. गुढीपाडव्याला साल ठरायचे, उचल मिळायची आणि पुढच्या पाडव्याला ती फिटलेली नसायची. व्याख्या नीट वाचली तर यादीत नाव असो-नसो, उचलीपोटी किमान वेतनाहून कमी मोबदल्यात माणूस बांधला गेला की तो वेठबिगारच आणि ते कर्ज कायद्याने संपलेले. पण ही गोष्ट बाला सांगायला घरात पदवीधर व्हावा लागला, आणि तो पदवीधर होईपर्यंत बाची कंबर गेली होती.

स्वातंत्र्यानंतर, खरे तर १७ सप्टेंबर १९४८ नंतर, आमच्या भागात कायद्यांची रांगच लागली. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या. १९५० चा हैदराबादचा कूळ कायदा आला, संरक्षित कूळ हा शब्द आला. पण संरक्षित कूळ होण्यासाठी आधी कूळ म्हणून कागदावर यावे लागते. आमचा माणूस शेतात होता, कागदावर नव्हता. मजूर कधी कुळाच्या रकान्यात बसत नाही. वतनांचेही तसेच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचे विधेयक मांडले आणि पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो कायदा जुन्या मुंबई राज्यातला. मराठवाड्याला हैदराबादचा इनाम निर्मूलनाचा वेगळा कायदा होता. पुण्या-सातारच्या कार्यकर्त्याचे भाषण ऐकून आमच्याकडचा माणूस तहसिलीत जाई आणि 'तो कायदा इथे लागू नाही' हे ऐकून परत येई.

त्यात राज्यांच्या सीमा हलल्या. माझ्या मावशीचे गाव निलंगा तालुक्यात आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. मग ते उस्मानाबादेत आले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर लातुरात. म्हणजे एकाच शेताचा कागद तीन जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत विभागलेला. जमीनदाराला ह्याचा फारसा त्रास होत नाही. त्याच्या पेटीत नक्कल असते, वकील असतो. ज्याच्याकडे पेटीच नाही त्याने बीदरला जावयाचे कसे आणि तिथल्या कारकुनाशी बोलावयाचे कोणत्या भाषेत?

आता गायरानाकडे येतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. तो १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला. त्याच्या २२ व्या कलमात गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. ५० वे कलम सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण काढण्याचे आणि दंडाचे. त्याला लागूनच ५१ वे कलम आहे, आणि कार्यकर्त्यांनी ते पाठ करावे असे आहे. अतिक्रमण करणाराची इच्छा असेल तर रक्कम घेऊन ती जमीन त्याला देता येते, असे ते म्हणते. एका कलमात हाकलण्याची सत्ता, शेजारच्या कलमात देण्याची सत्ता. कोणाला कोणते कलम लावावयाचे हे मात्र कायद्यात लिहिलेले नाही.

ह्या देण्याच्या कलमाला जीव आला तो आपल्या लोकांनी तुरुंग भरले म्हणून. १९५३ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने मराठवाड्यात पडीक जमिनींचा सत्याग्रह केला, दादासाहेब गायकवाडांनी त्याचे नेतृत्व केले. पुढे १ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद दिली आणि ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह सुरू केला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतनाचा कायदा अमलात आणा, बौद्धांना सवलती द्या, अशा त्या मागण्या होत्या. माझा आजा त्या सत्याग्रहात आत गेला होता. किती दिवस, हे त्याला नक्की सांगता येत नसे. तो म्हणायचा, "भाकरी येळंवर मिळत व्हती, म्हून दिस मोजले न्हाईत."

१९७२ च्या दुष्काळात आज्याने रोजगाराच्या कामावर खडी फोडली आणि पाऊस पडल्यावर, १९७३ मध्ये, नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या गायरानातले चार एकर फोडले. गायरान म्हणजे माळ. पहिल्या दोन वर्षांत पिकापेक्षा दगडच जास्त निघाले. दगड रचून त्याने बांध घातला. तो अजून आहे. गावाने ओरड केली : गुरांनी जावे कोठे? हा प्रश्न खोटा नव्हता, हे मी कबूल करतो. चराई हे गावाचे सामायिक धन आहे. पण गुरे कोणाची होती? महारवाड्यात दोन शेळ्या होत्या. आणि त्याच गायरानाच्या दुसऱ्या टोकाला देवळाचे आवार वाढले, एका पुढाऱ्याचा कडबा आणि खत तिथेच पडू लागले, तेव्हा गुरांची आठवण कोणाला झाली नाही.

तलाठी आला, अतिक्रमण लिहून गेला. गाव नमुना एक-ई म्हणून अतिक्रमणाची नोंदवही असते. तिच्यात अतिक्रमण करणाराचे नाव, क्षेत्र, कधीपासून, हे लिहावयाचे असते. मग दंड होतो. आज्याने दंड भरला. पहिल्या खेपेला पावती मिळाली नाही, कारण त्याने मागितली नाही. साहेबाकडे पावती मागणे म्हणजे साहेबाला चोर म्हणणे, अशी त्याची समजूत. दुसऱ्या खेपेला आजी सोबत होती. तिने पदर पुढे करून म्हटले, "दंड घेतलाव तर कागूद द्या सायब. उद्या म्हनाल भरलाच न्हाई." आमच्या घरात कायद्याची पहिली जाण कोणाला आली असे विचाराल तर मी आजीचे नाव घेईन. ती शाळेत गेलेली नाही. तिच्या त्या एका वाक्यामुळे १९७७ पर्यंतच्या तीन पावत्या पत्र्याच्या पेटीत जमा झाल्या.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना जाळले. त्या दिवसांचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे, मी पुन्हा सांगत नाही. एकच गोष्ट नोंदवितो. त्या ऑगस्टात गावोगावी जे जळाले आणि कापले गेले त्यात दलितांची गायरानावरची उभी पिकेही होती. नाव विद्यापीठाचे होते. पण माळावर महाराची ज्वारी उभी राहते ही गोष्ट त्याच्या आधीपासून डोळ्यांत सलत होती. आमचे छप्पर उचकटले गेले. माणसे रात्री उसाच्या फडातून निघून पाहुण्यांच्या गावी गेली म्हणून वाचली. पेटी वाचली नाही.

त्याच वर्षी २७ डिसेंबरला शासनाने निर्णय काढला : १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ ह्या काळातली भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करावीत. आमची जमीन १९७३ ची. अगदी मापात बसणारी! आजा अर्ज घेऊन गेला. कचेरीत विचारले, पुरावा? त्याने सांगितले, पावत्या होत्या, जळाल्या. पंचनामा केला का? तक्रार दिली का? दिली नव्हती. ज्या गावातून जीव घेऊन पळालो त्या गावचा पोलीस पाटील घेऊन पंचनामा करावयाचा होता. अर्ज दप्तरी दाखल झाला. दप्तरी दाखल म्हणजे मेला, हे आज्याला पुढे कळले.

मग २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे. १४ एप्रिल ही तारीख ज्याने घातली त्याने विचार करूनच घातली असणार. ह्या वेळी बा गेला. कारकुनाने कागद पाहून सांगितले, "तुमचं अतिक्रमण जुनं आहे. हा जीआर नव्यांसाठी. तुम्ही मागच्या जीआरमध्ये यायला पाहिजे होतं." पाच वर्षे आधी राबल्याची ही शिक्षा. बा घरी येऊन दोन दिवस बोलला नाही.

ह्याच सुमारास शेजारच्या बीड जिल्ह्यात अॅड. एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाचे काम उभे केले. गायरानधारकांना त्यांनी जी गोष्ट शिकविली ती साधी होती : कागद जमा करा. पीकपाहणीच्या शेऱ्यात 'अतिक्रमण' लिहून घ्या. दंड भरा आणि पावती घ्या. पिकात जनावरे घातली तर पोलिसांत जा आणि फिर्यादीची नक्कल मागा. ती फिर्याद देणाराला फुकट द्यावी लागते. ताबा सांगून सिद्ध होत नाही, कागदाने होतो. आमच्या गावापर्यंत हे शहाणपण उशिरा पोचले.

कागदाची किंमत किती, हे मावशीच्या गावाने १९९३ साली पाहिले. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, लातूर-उस्मानाबादची ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. घरे जमिनीच्या मापाने दिली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. भूकंपाने सर्वांची घरे सारखीच पाडली होती. सातबाऱ्याने ती पुन्हा लहान-मोठी केली. मावशीच्या घरी गायरानाची पाच एकर कसणूक होती. सातबारा नव्हता, म्हणून ते भूमिहीन. २५० चौरस फुटांत सहा माणसे. ह्याला मी अन्याय म्हणतो. आमचे एक सहकारी म्हणतात, निकष कोणता तरी लावावाच लागतो. लावावा. पण माणसे मोजून का लावू नये?

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ज्यांची अतिक्रमणे नियमित झाली त्या सर्वांनी जमीन राखली असे नाही. ही जमीन भोगवटादार वर्ग दोनची असते. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. आपल्याच काही लोकांनी मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी, आणि काहींनी दारूसाठीही, शंभराच्या बाँडवर ती 'विकली'. असा व्यवहार कायद्यापुढे टिकत नाही. शर्तभंग म्हणून जमीन सरकारजमा होण्याची मात्र वाट मोकळी होते. घेणारा बहुधा तोच असतो ज्याने आधी गायरानासाठी ओरड केली होती. हक्काबरोबर शर्त येते. ती वाचून दाखविण्याचे काम आमच्यासारख्या शिकलेल्यांचे होते. आम्ही जयंतीची भाषणे केली.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य ह्या खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. महाराष्ट्राने १२ जुलै २०११ रोजी त्याप्रमाणे निर्णय काढला. ज्या कचेऱ्यांत हा निकाल तोंडावर फेकला जातो तिथे त्याचा शेवटचा भाग सहसा वाचलेला नसतो. शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना जमीन दिली असेल, किंवा शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय असेल, तर अपवाद करता येतो, असे त्यात म्हटले आहे. तसेच अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे. १९८९ च्या मूळ कायद्यात दलिताची जमीन बळकावण्याच्या गुन्ह्यासाठी ती त्याच्या मालकीची किंवा त्याला वाटप झालेली असावी लागे. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात 'ताब्यात असलेली' हे शब्द आले, पिकाची नासधूस आली. एवढे दोन शब्द कायद्यात यायला पाव शतक लागले. १९७८ ची ज्वारी त्याच्याही आधीची.

२०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेऊन वर्षअखेरीपर्यंत ती काढण्यास सांगितले आणि गावोगावी नोटिसा निघाल्या. आमच्याही घरी आली. ती आज्याच्या नावाने होती. आजा १९९९ मध्ये वारला आहे.

बा घाबरला. मी नोटीस दोनदा वाचली आणि मला आनंद झाला, हे लिहिताना संकोच वाटतो. तीत गट क्रमांक होता, क्षेत्र होते, आज्याचे नाव होते. चव्वेचाळीस वर्षे जो ताबा आम्ही सिद्ध करू शकलो नव्हतो तो सरकारने स्वतःच्या सहीशिक्क्याने मान्य केला होता. मी माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला : १९७३ ते १९७८ ची एक-ई नोंदवही दाखवा. तीस दिवसांनी उत्तर आले, 'अभिलेख आढळून येत नाही.' पहिल्या अपिलात मी एवढेच विचारले की अभिलेख नाही, तर मेलेल्या माणसाचे नाव नोटिशीवर आले कोठून? महिन्याभराने अभिलेख आढळला.

दोन वर्षांच्या नोंदी आहेत. चार एकर, ज्वारी, दंड, वसूल. पण आज्याचे नाव 'जी'ने संपते. मतदार यादीत, रेशनकार्डावर, मृत्यूच्या दाखल्यावर तसेच आहे. नोंदवहीत ते 'या'ने संपते आणि पुढे जात लिहिलेली आहे. नोटिशीतही तेच उतरवले होते. घाईत माझ्या लक्षात आले नाही. तलाठ्याने १९७५ मध्ये माणसाला जसे हाक मारली तसे लिहिले. आता कचेरी विचारते, 'या' आणि 'जी' ही एकच व्यक्ती कशावरून?

गावात आज्याचा समवयस्क एकच उरला आहे, बांधाला बांध असलेला पाटील. तो म्हणाला, "तुझा आजा दगड येचताना म्या पाह्यलाय." सही करायच्या दिवशी त्याच्या मुलांनी सांगितले, अण्णांना बरे नाही. मी त्यांना दोष देत बसलो नाही. आजीचे प्रतिज्ञापत्र करायचे ठरले. नोटरीने तिला विचारले, नवऱ्याचे पूर्ण नाव सांगा. आजीने माझ्याकडे पाहिले. लग्नानंतर उखाण्यापलीकडे तिने ते नाव कधी तोंडाने घेतले नव्हते. नोटरी म्हणाला, "आजी, तुम्हीच सांगायला पाहिजे, नातवाचं चालणार नाही."

तिने पदर सारखा केला आणि नाव सांगितले, 'जी' लावून, दोन वेळा. मग अंगठा दिला. ते प्रतिज्ञापत्र प्रकरणाला जोडले आहे. सुनावणीची पुढची तारीख अजून पडलेली नाही.